घोषणेचे वाचन : पॅलेस्टाइनविषयक विद्यार्थी-चळवळ आणि तौलनिक साहित्याभ्यास

घोषणेला संहितेचा दर्जा द्यावा की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच गांभीर्याने विचारला आहे. दलित साहित्याच्या प्रारंभकाळात 'ही कविता नव्हे, घोषणा आहे' असा आक्षेप वारंवार घेतला गेला आणि 'ही घोषणा नव्हे, कविताच आहे' असा त्याचा प्रतिवाद झाला. आक्षेप घेणारे आणि उत्तर देणारे परस्परविरोधी भूमिकांवर उभे होते. पण घोषणा ही वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरची वस्तू आहे, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता होती. पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांसाठी २०२३ ते २०२५ या काळात अमेरिकेतील विद्यापीठांत जी विद्यार्थी-चळवळ उभी राहिली, तिच्या अभ्यासकाला ही एकवाक्यता मान्य करणे कठीण जाते. विद्यार्थी काय करीत आहेत यापेक्षा ते जे म्हणत आहेत त्याचा अर्थ काय, यावर तेथे समित्या बसल्या, ठराव झाले, विद्यापीठांच्या अध्यक्षांना पदे सोडावी लागली. अन्वयार्थ लावण्याचे काम एरवी साहित्यविभागांचे. ते त्यांच्या हातून कसे निसटले आणि निसटल्यावर शब्दांचे काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या शिक्षणविषयक समितीपुढे हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या संस्थांच्या अध्यक्षा साक्षीसाठी उपस्थित होत्या. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली होती व सुमारे २५० जणांना ओलीस म्हणून नेण्यात आले होते. त्यानंतर इस्रायलने गाझात सुरू केलेल्या युद्धाला दोन महिने होत आले होते. समितीच्या सदस्या एलिस स्टेफानिक यांनी प्रथम 'इंतिफादा' या शब्दाचे ज्यूंच्या वंशसंहाराच्या आवाहनाशी समीकरण मांडले आणि पुढे असा प्रश्न केला की, अशा वंशसंहाराचे आवाहन करणे विद्यापीठाच्या नियमांचा भंग ठरते की नाही. तिन्ही अध्यक्षांच्या उत्तरांचा आशय असा होता की, ते संदर्भावर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नव्हते. पण ज्या प्रश्नाला 'होय' याखेरीज दुसरे उत्तर कोणाच्या मनात येऊ नये, अशा रीतीने तो मांडलेला होता, त्याला हे उत्तर देणे म्हणजे पळवाट काढणे, असाच त्याचा बोध देशभर झाला. चार दिवसांनी पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. २ जानेवारी २०२४ रोजी हार्वर्डच्या अध्यक्षांनीही दिला, अर्थात त्यांच्या बाबतीत वाङ्मयचौर्याच्या आरोपांचीही भर पडली होती.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रसंगात एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावयास हवी. 'संदर्भ' हा आधुनिक समीक्षेचा पायाभूत शब्द. शब्दाला अर्थ येतो तो कोण, कोणाशी, कोठे, कोणत्या परंपरेत बोलतो आहे यांमधून, हे शिकविण्यातच साहित्यविभागांची हयात गेली. तोच शब्द जाहीर साक्षीत उच्चारला गेला तेव्हा तो भित्रेपणाचे लक्षण ठरला. याचा दोष केवळ श्रोत्यांकडे जात नाही. अध्यक्षांनी संदर्भाचा उपयोग वकिली आडोसा म्हणून केला. तो वाचनाचे साधन म्हणून वापरला असता, तर त्यांना आधी मूळ समीकरणच तपासावे लागले असते. 'इंतिफादा' या शब्दाचा अर्थ खरोखर तोच आहे काय, हा पहिला प्रश्न त्या दिवशी कोणीही विचारला नाही.

हा शब्द अरबी. कापडावरची धूळ झटकावी तसे झटकणे, हादरवून मोकळे होणे, हा त्याच्या धातूचा अर्थ. मराठीतील 'झटकून उठणे' या प्रयोगाच्या तो पुष्कळ जवळ आहे. राजकीय अर्थाने तो पॅलेस्टाइनपुरता मर्यादितही नाही. इराकमधील १९५२ चा उठाव आणि इजिप्तमधील १९७७ ची भाकरीसाठीची दंगल यांनाही अरबीत हेच नाव आहे. डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पॅलेस्टिनी इंतिफादात हरताळ, बहिष्कार, करबंदी आणि दगडफेक ही प्रमुख साधने होती. सप्टेंबर २००० नंतरच्या दुसऱ्या इंतिफादाचे स्वरूप वेगळे झाले. बसमध्ये, उपाहारगृहांत आत्मघाती स्फोट झाले, इस्रायली लष्कराने पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत रणगाडे घातले. सुमारे एक हजार इस्रायली आणि तीन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी त्या काळात मारले गेले.

विद्यार्थ्यांनी आपल्या घोषणेचे समर्थन केले ते बहुतांशी कोशाच्या आधारे. शब्दाचा अर्थ 'झटकणे' असा आहे, सबब त्यात हिंसेचे आवाहन नाही, असा तो युक्तिवाद. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही या युक्तिवादातील उणीव दिसेल. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ज्या घरातील माणूस २००२ साली बसमधून परतला नाही, त्या घरात हा शब्द ज्या स्वरात ऐकला जातो तो स्वर कोशात सापडणार नाही, आणि न्यूयॉर्कमधील अनेक ज्यू विद्यार्थ्यांची नाती अशा घरांशी होती. उलट बाजूने, शब्दाचा सर्व अर्थ त्या चार-पाच वर्षांतच बंदिस्त करणे हीदेखील तितकीच सदोष वाचनपद्धती होय. दुकाने बंद ठेवणाऱ्या, कर नाकारणाऱ्या १९८७-८८ मधील गावांची स्मृती मग कोणत्या शब्दात ठेवावयाची, याचे उत्तर त्या पद्धतीकडे नाही.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. १८५७ च्या घटनेला मराठीत काय म्हणावयाचे, हा प्रश्न दीडशे वर्षांत पुरता सुटलेला नाही. वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेले आणि झाशीच्या धामधुमीत सापडलेले विष्णुभट गोडसे आपल्या 'माझा प्रवास' या वृत्तांतात त्याला सरळ 'बंड' म्हणतात; त्यांच्या मनात कोणताही सिद्धान्त नाही, लोक बोलत तो शब्द ते वापरतात. हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आणि तत्पूर्वीच बंदी घातल्या गेलेल्या सावरकरांच्या ग्रंथाने त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. पाठ्यपुस्तकांनी पुढे 'उठाव' हा मध्यम शब्द स्वीकारला. इंग्रजांच्या शब्दात कानपूरला मारल्या गेलेल्या स्त्रियामुलांची स्मृती होती, सावरकरांच्या शब्दात झाशीची. आणि दोन्ही स्मृती खऱ्या होत्या. 'इंतिफादा'चे मराठी भाषांतर करावयास बसलेल्या माणसाला 'बंड', 'उठाव', 'समर' यांतून एकाची निवड करावी लागते आणि निवड करताच तो पक्ष घेऊन बसतो. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द बहुधा तसाच ठेवला. ती सोय होती. पण भाषांतर न करणे हीही एक भूमिकाच असते, आणि अमेरिकेत तर अभाषांतरित राहिल्यामुळेच या शब्दाला परकेपणाचे भय चिकटले, असे म्हणता येईल.

नदी आणि समुद्र यांचा उल्लेख असणारी दुसरी घोषणा यापेक्षाही अधिक वादग्रस्त ठरली. पॅलेस्टिनी वंशाच्या प्रतिनिधी रशिदा तलैब यांच्यावर प्रतिनिधिगृहाने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी २३४ विरुद्ध १८८ मतांनी निषेधाचा ठराव केला, त्यात या घोषणेचा वाटा होता. १६ एप्रिल २०२४ रोजी त्याच गृहाने ३७७ विरुद्ध ४४ मतांनी ही घोषणा ज्यूद्वेषी असल्याचे ठरविले. एखाद्या यमकबद्ध ओळीचा अर्थ मतदानाने निश्चित करण्याचा हा प्रकार वाङ्मयेतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांमधल्या भूमीवर एकाच सार्वभौमत्वाचा दावा १९७७ च्या लिकुद पक्षाच्या जाहीरनाम्यातही होता, याचे स्मरण चळवळीच्या समर्थकांनी वारंवार करून दिले आणि ते योग्यही होते. परंतु तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असणारा मुद्दा दोन्ही पक्षांनी सोडून दिला. इंग्रजी घोषणा हे अरबीचे शब्दशः भाषांतर नाही. अरबीत या घोषणेची एकाहून अधिक रूपे आहेत. एका प्रचलित रूपात 'पाण्यापासून पाण्यापर्यंत' अशी सुरुवात होते आणि यमकाच्या ओघाने शेवट होतो तो पॅलेस्टाइन 'अरब' आहे, या विधानाने. इंग्रजीत समुद्रवाचक शब्दाला यमक जुळते ते 'मुक्त' या अर्थाच्या शब्दाचे. एका भाषेतील यमक ओळीला अस्मितेकडे नेते, दुसऱ्या भाषेतील यमक तिला मुक्तीकडे नेते. भाषांतराच्या प्रवासात घोषणेचा राजकीय आशय असा बदलला की, दोन्ही रूपे एकाच संहितेची मानता येऊ नयेत. इंग्रजी रूप उच्चारणाऱ्या विद्यार्थ्यावर अरबी रूपाचा आशय लादणे जितके अन्याय्य, तितकेच अरबी रूप अस्तित्वातच नसल्याचे भासविणे अप्रामाणिक. तौलनिक साहित्याच्या कोणत्याही विभागाला हे पानभर टिपणात मांडता आले असते. ते टिपण समित्यांपुढे पोचले नाही.

हे न पोचण्याला एक इतिहास आहे. पॅलेस्टिनी साहित्य तौलनिक अभ्यासक्रमांत नव्याने आलेले नाही. 'प्रतिरोधाचे साहित्य' ही संज्ञा घस्सान कनफानी यांनी १९६६ मध्ये, व्याप्त पॅलेस्टाइनमधील लेखनाचा अभ्यास करताना रूढ केली. तीन वर्षांनी आफ्रो-आशियाई लेखक संघाचा 'लोटस' पुरस्कार महमूद दरवीश यांना मिळाला. या संघाची पूर्वपीठिका १९५६ च्या दिल्लीतील आशियाई लेखक परिषदेत होती, ही गोष्ट आज दिल्लीतही फारशी आठवली जात नाही. कनफानींची संज्ञा इंग्रजी समीक्षाविश्वात आणली ती बार्बारा हार्लो यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथातून. तेव्हापासून तिचा प्रवास लॅटिन अमेरिका, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड असा होत राहिला आणि भारतीय विद्यापीठांत दलित व आदिवासी साहित्याच्या चर्चेतही ती आली. मात्र या प्रवासात ती हळूहळू पाठ्यपुस्तकी झाली. कनफानींच्या दृष्टीने प्रतिरोधाचे साहित्य लिहिणारा आणि प्रतिरोध करणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. वर्गात आल्यावर ती भिंत उभी राहिली. हार्लो ज्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिसरात दीर्घकाळ शिकवीत होत्या, तेथे २४ एप्रिल २०२४ रोजी राज्य पोलिसांची तुकडी, तीत घोडेस्वारही होते, विद्यार्थ्यांच्या निदर्शनावर पाठविण्यात आली. पन्नासहून अधिक जणांना अटक झाली आणि पुरेशा आधाराअभावी त्यांच्यावरील आरोप सोडून देण्यात आले. हार्लो यांचे निधन २०१७ मध्येच झाले होते.

चळवळीचे केंद्र ठरलेल्या कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. एडवर्ड सईद यांनी तेथील इंग्रजी व तौलनिक साहित्य विभागात १९६३ पासून २००३ मधील मृत्यूपर्यंत अध्यापन केले. जुलै २००० मध्ये लेबनॉनच्या सीमेवर त्यांनी इस्रायलच्या दिशेने दगड भिरकावल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांच्यावर कारवाईची मागणी झाली. अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा दाखला देऊन विद्यापीठाने ती नाकारली. तेवीस वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२३ रोजी, त्याच विद्यापीठाने 'स्टुडंट्स फॉर जस्टिस इन पॅलेस्टाइन' आणि 'ज्यूइश व्हॉइस फॉर पीस' या दोन विद्यार्थी संघटनांना निलंबित केले. सईद यांनी १९९३ च्या ग्रंथात वाचनाची जी पद्धत मांडली तिचे रूपक पाश्चात्य संगीतातील काउंटरपॉइंटचे आहे: दोन स्वतंत्र स्वररेषा एकाच वेळी ऐकणे, एकीत दुसरी न विरघळविता. वर ज्या दोन घोषणांची चर्चा केली त्यांच्यासाठी याहून अनुरूप साधन शोधून सापडणार नाही. प्रशासनाने एकच रेषा ऐकली, हे उघड आहे. चळवळीनेही बऱ्याचदा एकच ऐकली, हे म्हणणे तिच्या समर्थकांना रुचणारे नाही. पण ज्या चळवळीने सईद यांचे नाव घेतले तिला सईद यांचाच निकष लावणे क्रमप्राप्त आहे.

तरीही घोषणांपुरतेच पाहिले तर या चळवळीची वाङ्मयीन शक्ती निसटते. ती दिसते नाव देण्याच्या कृतीत. १७ एप्रिल २०२४ च्या पहाटे कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले ते बटलर ग्रंथालयासमोरील हिरवळीवर. या ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, सॉफोक्लीज, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, डिमॉस्थेनीस, सिसेरो आणि व्हर्जिल ही नावे दगडात कोरलेली आहेत; १९८९ मध्ये विद्यार्थिनींनी त्यांच्यावर सॅफोपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या लेखिकांच्या नावांचा फलक लटकविला होता. म्हणजे नावांवर नावे चढविण्याची परंपरा त्या आवारात आधीपासून होती. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना अटक केली. तंबू शेजारच्या हिरवळीवर पुन्हा उभे राहिले, आणि पुढील काही आठवड्यांत अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये मिळून ३,००० हून अधिक जणांना अटक झाली. विद्यार्थ्यांच्या मागण्यांची भाषा रुक्ष हिशेबी होती: विद्यापीठाने सुमारे १३.६ अब्ज डॉलरचा आपला निधी कोठे गुंतविला आहे ते उघड करावे आणि इस्रायलच्या लष्करी कारवाईतून नफा मिळविणाऱ्या कंपन्यांतून तो काढून घ्यावा. ३० एप्रिलच्या पहाटे त्यांच्यातील एका गटाने हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला आणि त्याच्या दर्शनी भागावर 'हिंद्ज हॉल' असे लिहिलेला मोठा फलक सोडला.

हॅमिल्टन हॉलचे हे पहिले नामांतर नव्हते. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्ध आणि हार्लेमच्या वस्तीवरील अतिक्रमण यांविरुद्धच्या आंदोलनात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याला मॅल्कम एक्स यांचे नाव दिले होते. १९८५ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील गुंतवणुकीविरुद्ध तीन आठवडे त्याची दारे अडवून धरणाऱ्यांनी त्याला 'मंडेला हॉल' म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ती गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय केला. पहिली दोन नावे नेत्यांची होती. त्या नावांत कार्यक्रम होता, वीरगाथेचा स्वर होता. तिसरे नाव पाच वर्षांच्या मुलीचे आहे. हिंद रजब २९ जानेवारी २०२४ रोजी गाझा शहरात नातेवाइकांसह मोटारीतून निघाली असता मोटारीवर गोळीबार झाला. इतर सर्व मारले गेल्यानंतर ती कित्येक तास दूरध्वनीवरून रेड क्रेसेंटच्या कार्यकर्त्यांशी बोलत राहिली. तिच्यासाठी पाठविलेल्या रुग्णवाहिकेतील दोघांसह तिचा मृतदेह सापडला तो १० फेब्रुवारीला. तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण जगभर ऐकले गेले.

इंग्रजी फलकावरील षष्ठी विभक्ती येथे महत्त्वाची आहे. 'मंडेला हॉल' ही गौरवाची रचना. सभागृह मंडेलांच्या नावाने ओळखले जावे एवढाच तिचा अर्थ. 'हिंद्ज हॉल' मध्ये सभागृह हिंदचे होते, तिच्या मालकीचे. जिला कोणतीही भिंत आसरा देऊ शकली नाही तिला एक दगडी इमारत देऊन टाकण्याची ही कृती आहे, आणि 'हॅमिल्टन हॉल' मधला 'ह'चा अनुप्रास तिने जसाच्या तसा राखला आहे. वीरगाथेकडून विलापिकेकडे झालेले हे स्थित्यंतर चळवळीच्या एकूण स्वभावाविषयी बरेच सांगते. तिच्याकडे मंडेला नव्हता. तिच्याकडे मृतांची यादी होती. या निवडीत एक धोकाही आहे, हे नोंदविले पाहिजे. नेत्याच्या नावाशी वाद घालता येतो, मृत बालकाच्या नावाशी येत नाही. वाद अशक्य करणारे नाव राजकारणात प्रभावी ठरते; पण त्या मुलीच्या वाट्याला फलकावरील अक्षर होण्यापलीकडे काही राहते काय, हा प्रश्न फलकाने विचारला नाही. भारतीय कानांना या नावात देशाचे नाव ऐकू येते, हा केवळ योगायोग. अरबीत 'हिंद' हे स्त्रीचे फार जुने नाव आहे.

मराठी वाचकाला कोलंबिया विद्यापीठ परिचित आहे ते मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तेथील १९१३ ते १९१६ या वर्षांमुळे. त्यांचे नाव मराठवाडा विद्यापीठाला देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि प्रत्यक्ष नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही जुने नाव कायम ठेवणाऱ्या 'नामविस्तारा'च्या रूपाने. दोन घटनांची तुलना मर्यादित अर्थानेच करता येईल. नामांतराच्या मागणीमागे कायद्याने आणि कायमचे मिळणारे स्थान होते; 'हिंद्ज हॉल' हे नाव इमारतीवर एका दिवसाहूनही कमी काळ टिकले. त्याच रात्री पोलीस खिडकीतून आत शिरले. १९६८ मध्येही पोलिसांनी इमारती रिकाम्या केल्या होत्या ती तारीख ३० एप्रिलच होती. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. विद्यापीठाला कोणाचे नाव असावे हा प्रश्न प्रत्यक्षात तेथे कोणाचा मृत्यू, कोणाचे जगणे ज्ञानाचा विषय मानले जाईल, या प्रश्नाचे रूप असतो. नामांतराच्या प्रश्नावर मराठीत कविता, आत्मकथने, वैचारिक लेखन असे विपुल साहित्य निर्माण झाले; एका रात्रीत उतरविलेल्या फलकाच्या वाट्याला ते कितपत येईल, हे सांगणे आज घाईचे होईल.

तंबूंच्या त्या वस्तीत पुस्तकेही होती. २२ एप्रिलच्या संध्याकाळी, वल्हांडण सणाच्या पहिल्या रात्री, आंदोलनातील ज्यू विद्यार्थ्यांनी हिरवळीवरच सेदेर भोजन मांडले आणि मिसरमधील गुलामीतून मुक्तीची कथा सांगणारी हग्गादाह वाचली. आदल्याच दिवशी विद्यापीठाशी संबंधित एका रब्बींनी ज्यू विद्यार्थ्यांना आवार सोडून घरी जाण्याचा सल्ला दिला होता. एकच ग्रंथ मुखोद्गत असणारे दोन गट. एकाला त्याच हिरवळीवर तो वाचावासा वाटला, दुसऱ्याला तेथून निघून जाऊन घरी. ज्या ग्रंथाची सांगता जेरूसलेमला परतण्याच्या इच्छेने होते तो ग्रंथ पॅलेस्टिनी मुक्तीच्या तंबूत वाचला जाणे, हे संहितेच्या बहुअर्थतेचे उदाहरण म्हणून पुस्तकात शोधावे लागणार नाही असे आहे. वृत्तपत्रांनी ते एक रंजक दृश्य म्हणून छापले.

देशोदेशीच्या आंदोलनांतून वाचली गेलेली कविता रिफात अलअरीर यांची होती. ते गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवीत. शेक्सपिअर आणि जॉन डन हे त्यांचे विषय. वर उल्लेखिलेल्या साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी, ६ डिसेंबर २०२३ रोजी, ते हवाई हल्ल्यात मारले गेले. स्वतःच्या मृत्यूनंतर मागे राहणाऱ्याला उद्देशून त्यांनी २०११ मध्ये लिहिलेली इंग्रजी कविता त्यानंतर अनेक भाषांत गेली, आणि काही तंबू-ग्रंथालयांना त्यांचे नाव देण्यात आले. या कवीविषयी एक तपशील चळवळीच्या स्मरणग्रंथांत सहसा येत नाही. २०२१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राच्या प्रतिनिधीसमोर त्यांनी इस्रायली कवी येहुदा अमिखाई यांची कविता वर्गात शिकविली आणि तिला सुंदर म्हटले. लेख प्रसिद्ध झाल्यावर असे निदर्शनास आले की, २०१९ च्या वर्गाच्या चित्रफितीत तीच कविता त्यांनी वाईट व धोकादायक ठरविली होती. वृत्तपत्राने खुलासा छापला, आणि अलअरीर यांच्या विरोधकांना त्यात ढोंग दिसले. साहित्याच्या अध्यापकाला मात्र येथे काही वेगळे दिसू शकेल. ज्याच्या शहराला वेढा पडलेला आहे असा माणूस वेढा घालणाऱ्यांच्या भाषेतील कविता एका वर्षी झिडकारतो आणि दुसऱ्या वर्षी वाखाणतो. दोन्ही वेळा ती विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. काउंटरपॉइंट हे सईद यांच्यासाठी रूपक होते, गाझातील त्या वर्गात ते एका माणसाच्या आत चाललेले होते.

तो वर्ग आता नाही. १७ जानेवारी २०२४ रोजी गाझातील इस्रा विद्यापीठाची इमारत इस्रायली लष्कराने सुरुंग लावून पाडली. १८ एप्रिलला, म्हणजे कोलंबियाच्या हिरवळीवर पोलीस आले त्याच दिवशी, संयुक्त राष्ट्रांशी संलग्न तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात गाझातील ८० टक्क्यांहून अधिक शाळा मोडल्याचे अथवा नष्ट झाल्याचे आणि ५,४७९ विद्यार्थी, २६१ शिक्षक व ९५ विद्यापीठीय प्राध्यापक मारले गेल्याचे नमूद होते. यासाठी त्यांनी वापरलेला शब्द २००९ मध्ये ऑक्सफर्डमधील अभ्यासक कर्मा नाबुलसी यांनी घडविलेला होता. मराठीत त्याला 'विद्यासंहार' म्हणता येईल. विद्यापीठांतील आंदोलनाला विद्यापीठाचाच विषय होता, ही बाब त्याच्या टीकाकारांनी ध्यानात घेतली नाही.

भारतीय विद्यापीठांतील चित्र निराळे आहे. येथे विद्यापीठांकडे गुंतविण्याजोगा प्रचंड निधी नाही, त्यामुळे मागणी विद्यापीठाकडून नव्हे तर शासनाकडून केली जाते, आणि तिला जुन्या परराष्ट्र धोरणाचा आधार असतो: पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला १९७४ मध्ये आणि पॅलेस्टाइन राष्ट्राला १९८८ मध्ये भारताने मान्यता दिली होती. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठात काढलेल्या मोर्चाबद्दल चार विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदविण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील इराण, पॅलेस्टाइन व लेबनॉन यांच्या राजदूतांची नियोजित व्याख्याने पुढे ढकलली गेली. घोषणेच्या अर्थाची चिकित्सा येथे अमेरिकेइतकी झालीच नाही, कारण अर्थापर्यंत पोचण्याची वेळच आली नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेतील वाद घोषणेकडून गद्याकडे वळला. २५ मार्च रोजी टफ्ट्स विद्यापीठातील तुर्की संशोधक विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क यांना रस्त्यावरून ताब्यात घेण्यात आले. वर्षभरापूर्वी विद्यार्थी-दैनिकात इतर तिघांसह त्यांनी एक लेख लिहिला होता. विद्यार्थी-सभेने संमत केलेल्या ठरावांची विद्यापीठाने दखल घ्यावी, असा त्याचा विषय होता. ९ मे रोजी त्यांच्या सुटकेचा आदेश देताना संघराज्य न्यायाधीशांनी, या लेखाखेरीज शासनाने दुसरा कोणताही पुरावा पुढे ठेवलेला नाही, असे निरीक्षण नोंदविले. अशा लेखाबद्दल सहा आठवडे कोठडी भोगावी लागते, तेव्हा घोषणा आक्षेपार्ह होती म्हणून कारवाई झाली, या स्पष्टीकरणाचे वजन उरत नाही.

कोलंबियात मार्च २०२५ मध्ये ४० कोटी डॉलरचे अनुदान रोखले गेल्यावर विद्यापीठाने प्रादेशिक अभ्यासविभागांचा आढावा एका नव्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविण्याचे मान्य केले. त्यात मध्यपूर्व, दक्षिण आशिया व आफ्रिका यांच्या भाषासाहित्याचा विभाग होता, जेथे अरबीच्या शेजारच्या खोलीत संस्कृत, हिंदी, उर्दू शिकविली जाते. जुलैमध्ये विद्यापीठाने २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा करार केला आणि ज्यूद्वेषाची आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने केलेली व्याख्या स्वीकारली. व्याख्या ही आगाऊ ठरवून ठेवलेली वाचनपद्धती असते. तिच्या चौकटीत इस्रायलच्या स्थापनेचा इतिहास प्रामाणिकपणे शिकविता येणार नाही, असे सांगून इतिहासकार रशिद खालिदी यांनी ऑगस्टमध्ये आपला आधुनिक मध्यपूर्वेवरील नियोजित अभ्यासक्रम मागे घेतला. ज्या अध्यासनाचे ते मानद प्राध्यापक होते त्याला एडवर्ड सईद यांचे नाव आहे. अभ्यासक्रमाऐवजी न्यूयॉर्कमध्ये खुली व्याख्याने देण्याचे त्यांनी जाहीर केले. त्यांतून काही उत्पन्न झालेच तर ते गाझातील विद्यापीठांना देण्यात येईल, असेही त्या निवेदनात म्हटलेले होते.